धुराचा दिमाख

संपादकांनी मजकडे दिवाळी अंकासाठी कथा मागितली होती. मी त्यांना भांडण पाठवीत आहे. करंजी-अनारशांच्या ताटाशेजारी भांडण शोभत नाही हे मला कळते. पण सणाच्या दिवशी सगळे घर एकत्र बसलेले असते, आणि ज्या गोष्टीविषयी मी बोलणार आहे ती एकट्या बापाची, एकट्या मुलाची किंवा एकट्या ड्रायव्हरची नाही. ती घराच्या अंगणात घडते आणि साऱ्या गावाच्या छातीत शिरते. तेव्हा फराळ चालू ठेवून ऐकावे, एवढीच विनंती.

कन्हान नदीच्या काठचे आमचे मौदा नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. पूर्वी या रस्त्याचा नंबर सहा होता, आता त्रेपन्न आहे. नंबर बदलला तरी ट्रकांची रांग तीच. वीजकेंद्र आहे, कारखाने आहेत, धानाच्या गिरण्या आहेत. राख, कोळसा, रेती, तांदूळ, सगळे चाकावर चालते. दसऱ्याला आमच्याकडे जितके झेंडूचे हार देवाला लागतात तितकेच ट्रकांना लागतात, आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. ज्याच्यावर घर चालते त्याची पूजा करावी, हा आपला जुना धर्म आहे.

माझी तक्रार पूजेनंतर जे चालते त्याबद्दल आहे. हल्ली एक नवी विद्या गावोगावच्या अंगणांत उतरली आहे. कारखान्याने बसवलेला टर्बो काढावयाचा आणि त्याहून मोठा चढवावयाचा. डिझेल पंपाचे सील तोडून स्क्रू पिळावयाचा, आणि गाडी नवी असेल तर तिच्या कम्प्युटरचे गणित कोणाकडून तरी बदलून घ्यावयाचे. सायलेन्सरचे पोट फोडून आतला ऐवज काढून टाकावयाचा, किंवा त्याच्या जागी सरळ नळकांडे लावावयाचे. आणि युरियाची टाकी असेल तर तिला मुकी करून कम्प्युटरला खोटे सांगणारी डबी बसवावयाची. सामान घरपोच येते, धडे मोबाइलवर मिळतात. जॅकवर चढवलेल्या गाडीभोवती आळीतली पोरे जमतात. आणि पहिल्यांदा इंजिन चालू होऊन काळा लोट आंब्याच्या शेंड्यापर्यंत गेला की टाळ्या पडतात!

माझा एक जुना विद्यार्थी अशाच टाळ्या घेऊन मला म्हणाला, “पाहून घ्या न गुरुजी, आता कशी ओढते गाडी!”

मी म्हटले, “बाबा, ओढते की ओकते?”

तो हसला. पण या लेखाचा सगळा विषय त्या दोन शब्दांतल्या फरकात आहे. धुराला ताकद समजण्याची जी भूल आपल्या तरुणांना पडली आहे, आणि त्या भुलीवर ज्यांचे पोट भरते, त्यांच्याविरुद्ध मला बोलावयाचे आहे.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. हा विषय पुरुषांचा, म्हणून गृहिणींनी पान उलटू नये. कारण त्यांच्या घरात याचे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या होते. मातीच्या चुलीला बाजूला एक वैल असे. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असता जी आच मागे जाऊन वाया जावयाची, तिच्यावर वैलावर वरण शिजे, पाणी तापे. एक काडीही जास्त लागत नसे. टर्बो हा इंजिनाचा वैल आहे. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा सुमारे तिसरा हिस्सा धुराड्यावाटे बाहेर जातो. त्या जाणाऱ्या गरम वायूच्या वाटेत एक लहान पंख्याचे चाक ठेवले. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवले. पहिले फिरले की दुसरे फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून तेवढ्याच आकाराच्या इंजिनात डिझेल पुरतेपणी जळते आणि काम जास्त होते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. ती जहाजांच्या इंजिनांवर नीट बसावयास वीस वर्षे लागली, आणि १९३८ साली स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने ती ट्रकच्या इंजिनास जोडली.

म्हणजे टर्बो हे जन्माने काटकसरीचे यंत्र आहे. जे वाया जाते ते कामाला लावावे, या संसारी शहाणपणातून ते निघाले. आणि आमच्या अंगणात त्याचे काय झाले? वाया जाणारे वाचवण्याच्या यंत्राचा उपयोग अधिक वाया घालवण्यासाठी होऊ लागला. याला प्रगती कोणत्या तोंडाने म्हणावे?

कोणी म्हणेल, “मास्तर, मोठा टर्बो म्हणजे जास्त हवा, मग धूर उलट कमी व्हावयास नको का?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की नुसत्या हवेने गाडी जास्त ओढत नाही. जास्त ओढ हवी तर जास्त डिझेल घालावे लागते, आणि अंगणातला कारागीर हवा मोजत नाही. तो स्क्रू पिळतो आणि कानाने ऐकतो. शिवाय मोठे चाक जड असते. ते वेगात यावयास वेळ लागतो. ड्रायव्हर पाय दाबतो तेव्हा डिझेल लगेच येते, हवा मागाहून येते. मधल्या वेळात जे डिझेल अर्धवट जळते त्याचीच काजळी होते.

लक्ष्मीपूजनाला समई लावणाऱ्या कोणाही आजीला हे शिकवावे लागत नाही. वात फार वर सरकवली तर ज्योत उजळत नाही, काजळी धरते. कंदिलाची काच काळी झाली तर आजी वात खाली करते. तिला कोणी सांगितले, “आजी, काच काळी झाली म्हणजे उजेड वाढला,” तर ती त्या माणसाला वेड्यात काढील. मग हीच गोष्ट ट्रकच्या बाबतीत आमचे शिकलेले तरुण कशी मानतात? काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले आणि न जाळता फेकलेले डिझेल. त्या लोटाकडे पाहून टाळ्या वाजवणे म्हणजे फाटक्या खिशातून पडणाऱ्या नाण्यांच्या आवाजावर खूश होणे.

आणि फाटते ते फक्त खिसा नाही. इंजिनातील पिस्टन बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पिस्टनच्या डोक्यावरची आग त्याहून कितीतरी प्रखर असते; पिस्टन वाचतो तो डिझेलच्या मापामुळे आणि खालून मिळणाऱ्या तेलाच्या गारव्यामुळे. ते माप मोडले की घाटात, भर लोडात, हेड गॅस्केट जाते किंवा पिस्टन बसतो. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगते. तेलाची नळी चुकीची बसली तर ते काही क्षणांत संपते. पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. इंजिनाची ओढ वाढवली, पण ब्रेक वाढवले का? टायर, अॅक्सल, स्प्रिंगपट्टे वाढवले का? शंकरपटाचा बैल छकड्याला जुंपावयाचा आणि कासरा मात्र जुन्या सुताचा ठेवावयाचा, असा हा प्रकार आहे. पुष्कळ ट्रकांत उतारावर गाडी आवरण्यासाठी धुराड्याच्या नळीतच एक पडदा असतो. त्याला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. सरळ नळकांड्याच्या हौसेत तो पडदाही भंगारात जातो. उतारावरच्या त्या ट्रकपुढे एखादी शाळेची रिक्षा असू शकते, हे आवाजावर भाळलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. मी त्यांना टाळणार नाही.

पहिला आक्षेप: “आपली गाडी, आपला पैसा, तुमाले काऊन त्रास?” गाडी तुझी हे कबूल. पण धूर तुझा आहे का? तुझा असता तर तू तो केबिनमध्ये सोडला असतास. फ्रान्सातील ल्याँ येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था आहे. तिने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनांचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. त्याच गटात तंबाखू आहे. बिडी ओढणारा निदान स्वतः ओढतो. येथे ओढावी लागते ती रस्त्याकडेच्या चहावालीला, सायकलवरून शाळेत येणाऱ्या पोरीला, आणि सर्वांआधी त्याच अंगणात खेळणाऱ्या तुझ्या लेकराला.

कायद्याचेही ऐकून ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणी-पुस्तकात लिहिलेल्या स्वरूपात गाडीमालकाला मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली; हवेच्या आणि आवाजाच्या मर्यादा मोडण्याला पहिल्या खेपेस दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. “पण पीयूसीत तर गाडी पास होते!” होईल, कारण ती तपासणी गाडी उभी ठेवून, गिअर मोकळा ठेवून, रिकाम्या इंजिनाला रेस देऊन होते. लोड घेऊन चढावर ती काय सोडते हे त्या कागदाला कळत नाही. मुलगा परीक्षेत पास झाला म्हणून त्याला विषय येतो असे मी मास्तर असून म्हणत नाही. मग या कागदावर विश्वास कसा ठेवू?

दुसरा आक्षेप मौद्यातला खास आहे आणि तो टोचणारा आहे. “ते समोरचे धुराडे पाहा. २,३२० मेगावॅटचे केंद्र उभे आहे. त्याला कोणी विचारत नाही, आणि माझ्या चार इंची नळकांड्याला नियम!” खरे सांगतो, या बोलण्यात जळजळीत सत्य आहे. कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कडक मर्यादा ठरवल्या, मग मुदती पुनःपुन्हा वाढवल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना गंधकवायू धुऊन काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून मोकळे केले. ट्रकवाल्याला एक नियम आणि बड्यांना मुदतवाढ, ही नीती माझ्याही गळी उतरत नाही. पण मोठ्याने मारले म्हणून धाकट्याने शेजाऱ्याच्या पोराला मारावे, असा न्याय कोणत्या घरात चालतो? मोठ्या धुराड्याविरुद्ध बोलावयाचे असेल तर आधी आपले नळकांडे साफ असावे लागते. काळ्या तोंडाने काळ्या तोंडाची तक्रार करता येत नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा, आणि तोच खरा. “गुरुजी, हौस नाही, लोड ओढत नाही म्हणून करतो.” येथे मी थांबतो. ट्रकवाल्याला चोर म्हणून मोकळे होणाऱ्या शहरी सज्जनांशी माझे जमत नाही. कारखान्याने बनवलेले इंजिन त्याच्या पासिंगचा माल ओढावयास पुरेसे असते. ते कमी पडते, कारण पासिंगपेक्षा जास्त माल भरला जातो. जुलै २०१८ मध्ये सरकारने मर्यादाच वाढवून दिली. तीन अॅक्सलच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेले. मग ओव्हरलोड थांबला का? जुनी मर्यादा मोडणारे नवी मोडू लागले. कारण भाडे टनावर मिळते, आणि ते इतके ओढूनताणून ठरते की नियमात भरलेल्या खेपेत डिझेल, टोल, टायर आणि हप्ता जाऊन हातात काही उरत नाही. भरणारा म्हणतो, “तू नाही नेलेस तर मागचा नेईल.” मग चार टन जास्त, चार टनांसाठी मोठा टर्बो, टर्बोसाठी कर्ज, कर्जासाठी पुन्हा चार टन. हे चक्र कोणत्याही टर्बोपेक्षा वेगाने फिरते, आणि त्याच्या दांड्यावर ट्रकवाल्याचे आयुष्य बसवलेले असते.

या ज्यादा मालाचा नफा कोणाच्या घरी जातो? ज्याचा माल त्याच्या. रस्ता फुटतो तो सर्वांचा. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक चालवून प्रयोग झाले. त्यांतून असा हिशेब निघाला, की अॅक्सलवरचे वजन वाढले की रस्त्याची झीज ढोबळमानाने त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे वजन सव्वापट, तर झीज जवळजवळ अडीचपट. माल एकाचा, खड्डे गावाचे, धूर लेकरांचा आणि दंड ड्रायव्हरचा! अशी वाटणी इंग्रजांनाही सुचली नव्हती.

आणि कायदा याबाबतीत मुका नाही. त्याला मुका केला आहे. १९४ व्या कलमात ओव्हरलोडला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. हे प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असते. पण त्याच कलमात गाडी ‘चालवणारा’ एवढाच शब्द नाही. ‘चालवावयास लावणारा’ आणि ‘चालवू देणारा’ हेही शब्द आहेत. ते वाचावयास कोणाचा चष्मा हरवला आहे? वजनकाटा माल भरण्याच्या फाटकावरच असतो. तेथली पावती बोलकी असते. त्या पावतीवर ज्याची सही आहे त्याला पहिला दंड झाला, तर मौद्याच्या अंगणातले मोठे टर्बो सहा महिन्यांत भंगारवाल्याकडे जातील. रस्त्यावर ट्रक अडवणे सोपे. फाटकात शिरणे कठीण. म्हणून सोपे तेच होत आले आहे.

आता चौथा आक्षेप, मिस्त्रींचा. “कंपन्या काय धुतल्या तांदळासारख्या आहेत?” मुळीच नाहीत. २०१५ साली फोक्सवागनचे बिंग फुटले. जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत अशी करामत भरलेली निघाली, की तपासणीच्या वेळी गाडी साधू होई आणि रस्त्यावर आली की पुन्हा मूळपदावर जाई. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्स या बड्या इंजिन कंपनीने अमेरिकेत अशाच आरोपावरून १६७ कोटी डॉलरांहून अधिक दंड भरण्याचे मान्य केले. आणि अमेरिकेतील हौशी लोकही आमच्या पोरांचे थोरले भाऊ शोभतात: त्यांच्या सरकारी पर्यावरण खात्याने २०२० साली हिशेब मांडला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांवर डिझेल पिकअप गाड्यांची धूर आवरणारी यंत्रणा काढून टाकली गेली. काहीजण तर सायकलवाल्यांच्या तोंडावर मुद्दाम काळा धूर सोडण्याचा खेळ करतात. साहेबाचा खेळ म्हणून आपण तो उचलावा काय? साहेबाकडून घ्यावयाचेच तर ब्यूखीची काटकसर घ्यावी.

कंपन्यांविरुद्ध मिस्त्रीची तक्रार दुसरीकडे खरी आहे. दुरुस्तीची पुस्तके, सुटे भाग आणि कम्प्युटर वाचण्याची यंत्रे त्या कुलपात ठेवतात. २०१४ साली स्पर्धा आयोगाने याच कारणावरून चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता; २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार सुरू केला तेव्हा त्यात वाहनेही घेतली. ही लढाई योग्य आहे आणि मी मिस्त्रीच्या बाजूने आहे. कारण अंगणातली प्रत्येक पान्ह्याची फिरकी वाईट असे मी म्हणत नाही. झिजलेला टर्बो काढून त्याच नंबरचा नवा बसवणे, इंटरकूलरची फुटलेली नळी बदलणे, मॅनिफोल्डचे गळके गॅस्केट घालणे, एअर फिल्टर वेळेवर स्वच्छ ठेवणे, तापलेले इंजिन बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे मोकळे चालू देणे, ही कला आहे. ती करणाऱ्या काळ्या हातांना मी पांढऱ्या खडूच्या हातांनी नमस्कार करतो. गंमत अशी, की ज्याची गाडी ओढत नाही अशा पुष्कळांना मोठा टर्बो नको असतो. त्यांचा फिल्टर तुंबलेला असतो किंवा नळीतून हवा गळत असते. दीडदमडीचे गॅस्केट बदलले की गेलेली ताकद परत येते. पण गॅस्केटने धूर निघत नाही, आवाज होत नाही आणि टाळ्या पडत नाहीत!

दुरुस्ती आणि छेडछाड यांतली रेघ कोणती, असे मला पोरे विचारतात. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. मला सोपेच उत्तर येते. जे काम केल्यावर गाडी नोंदणी-पुस्तकाशी आणि शेजाऱ्याशी खरे बोलते ती दुरुस्ती. जे केल्यावर गाडीला तपासणीत, वजनकाट्यावर किंवा स्वतःच्या कम्प्युटरशी खोटे बोलावे लागते ती छेडछाड. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत काजळी अडवणारी जाळी आणि युरियाने विषारी वायू मारणारी यंत्रणा असते. ती महाग आहे, तुंबते, सांभाळावी लागते, हे सगळे खरे. घरात म्हातारी आई असली तरी तिला सांभाळावे लागते. म्हणून कोणी तिला भंगारात देत नाही.

तेव्हा माझे मागणे तीन आहे. सरकारने दंडाची पहिली पावती माल भरणाऱ्याच्या फाटकावर फाडावी. कंपन्यांनी कुलपे उघडून दुरुस्तीची विद्या मराठीत गावच्या मिस्त्रीच्या हाती द्यावी. आणि ट्रकवाल्यांनी मोठ्या टर्बोवर घालावयाचा पैसा एकजुटीवर घालावा: नियमातल्या वजनाला पोटभर भाडे मिळाल्याशिवाय कोणीही गाडी लावावयाची नाही, असा निश्चय करावा. टनामागे भाडे वाढले तर इंजिनाला फुगवावे लागणार नाही. एकट्याने स्क्रू पिळण्यापेक्षा सर्वांनी मिळून भाव पिळणे कठीण आहे, हे मी जाणतो; पण पहिल्यात तुझे इंजिन जाते, दुसऱ्यात त्याची मुजोरी जाईल.

चौथे मागणे घरातल्यांकडे आहे. अंगणात काळा लोट उठला की टाळ्या वाजवू नका. आईने आत बोलवावे, बायकोने डिझेलचा हिशेब मागावा, शाळेतल्या पोराने विचारावे, “बाबा, हे जळले का नाही?” कोणत्याही आरटीओपेक्षा या प्रश्नाला उत्तर देणे बापाला जड जाईल, आणि जड जावे, हीच माझी इच्छा आहे.